गळाचा छंद आणि नदीची राखण

मासे धरण्याच्या छंदाविषयीं ह्या मासिकांत लेख कशासाठीं, असा प्रश्न मथळा पाहतांच कित्येक वाचकांच्या मनांत उद्भवेल. आणि तो अगदींच अस्थानीं आहे असें म्हणवत नाहीं. ज्या घरांतून चातुर्मासांत कांदा-लसूणहि वर्ज्य मानिला जातो, त्या घरांत गळ व आमिष ह्यांची चर्चा काय कामाची? कोंकणांतील व गोव्यांतील आमचे सारस्वत बंधू हा प्रश्न ऐकून गालांतल्या गालांत हंसतील; परंतु तेहि म्हणतील कीं, मासळी ही बाजारांतून आणावयाची वस्तु; ती धरणें हें कोळ्या-भोयांचें काम. पोट भरण्यासाठीं नव्हे, तर केवळ मौजेखातर नदीकांठीं दिवस दिवस गळ टाकून बसणें, आणि इतक्या खटाटोपानंतर हाताशीं आलेला मासा पुन्हा पाण्यांत सोडून देणें, हा उद्योग तर दोघांनाहि सारखाच चमत्कारिक वाटेल.

तथापि ह्या विषयाशीं आपला संबंध वरवर दिसतो त्याहून पुष्कळच निकटचा आहे. गोदावरी व कावेरी ह्या नद्यांचीं नांवें आपण नित्य स्नानाच्या वेळीं घेतों. परंतु त्यांच्या पोटांत कोण राहतें आणि त्या रहिवाशांची आज काय अवस्था आहे, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक असतें? नदीच्या पाण्यांत कांहीं बिघडलें तर तें प्रयोगशाळेच्या आधीं तिच्यांतील माशास कळतें. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, कावेरींतील एका अत्यंत भव्य माशाच्या अस्तास जाण्याची वार्ता जगास कळली, ती मुख्यतः गळवाल्या छांदिष्टांनीं ठेवलेल्या नोंदवह्यांवरून. तेव्हां हा छंद कितपत क्षम्य, त्यांत अलीकडे शिरलेलीं विजेचीं यंत्रें हितकर कीं घातक, आणि नदीच्या राखणींत आपल्यासारख्या कुटुंबांचा वांटा कोणता, ह्या तीन प्रश्नांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

जुने दाखले

गळाचा छंद साहेबलोकांनीं ह्या देशांत आणिला अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकांतील, म्हणजे सुमारें ११३० सालचा. राजानें कोणकोणत्या विनोदांत काळ घालवावा हें सांगतांना त्यांत ‘मत्स्यविनोद’ असें एक प्रकरणच दिलें आहे. समुद्रांतील व नदींतील माशांच्या जाति, त्यांस लागणारें खाद्य, दोरी, काठी आणि गळ ह्यांचें त्यांत जें विवेचन आहे, तें वाचून आजचा मत्स्यशास्त्रज्ञहि चकित होतो. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत छापला गेला असल्यामुळें जिज्ञासूंस तो पाहतां येण्याजोगा आहे.

माशांच्या रक्षणाची कल्पना तर त्याहूनहि जुनी. सम्राट अशोकानें राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यानंतर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी आहे, व तींत कांहीं माशांचीं नांवें आहेत. इतकेंच नव्हे, तर ठराविक पौर्णिमांस, त्यांच्या मागच्या-पुढच्या दिवशीं आणि उपोषणाच्या दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, अशी आज्ञा आहे. हल्लींच्या भाषेंत बोलावयाचें तर हा ‘बंदीचा काळ’ होय. अमुक काळीं मासे धरूं नयेत असा नियम इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत दगडावर कोरला जावा, ही गोष्ट अभिमान वाटण्यासारखी आहे; पण अभिमानाबरोबर कांहीं जबाबदारीहि येते, हें विसरतां कामा नये.

महासीर

नदीच्या गोड्या पाण्यांत गळ टाकणाऱ्यांचा ह्या देशांतील खरा ध्यास म्हणजे ‘महासीर’ हा मासा. रोहू व कटला ह्यांच्याच मोठ्या कुळांतला हा. पण स्वभावानें अगदीं निराळा. संथ, गढूळ तळें त्यास मानवत नाहीं. खडकाळ तळाचें, खळाळतें, थंड व स्वच्छ पाणी त्यास हवें असतें. पावसाळ्यांत नद्या दुथडी भरूं लागल्या म्हणजे तो प्रवाहाच्या उलट दिशेनें वर चढत जातो, आणि वाळू-गोट्यांच्या उथळ जागीं अंडीं घालतो. रोहूच्या मानानें त्याचीं अंडीं थोडीं असतात व त्याची वाढहि सावकाश होते. ह्यामुळें एकदां त्याची संख्या घटली कीं ती भरून येण्यास फार दिवस लागतात. आडवा बांध पडला, वाळू उपसली गेली, कारखान्याचें सांडपाणी मिसळलें, कीं पहिला फटका ह्या माशास बसतो.

ह्या माशाच्या एका जातीचें शास्त्रीय बारसें आपल्या पुण्याच्या अंगणांतच झालें आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी १८२४ सालापासून मुंबई इलाख्याच्या सरकारांत आंकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होता. त्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन करून १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळापुढें ठेविलें. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत सांपडलेल्या महासीरास त्यानें लोकांच्या तोंडचें ‘खुद्री’ हेंच नांव दिलें; तें आजहि जगभरच्या ग्रंथांतून ‘टॉर खुद्री’ ह्या रूपानें चालू आहे. ज्या पाण्यांतून साइक्सनें हा मासा काढिला, त्या पाण्यावर आज शहराच्या सांडपाण्याचा किती भार आहे, हें पुणेकर वाचकांस सांगावयास नकोच.

पुढें १८७३ सालीं मद्रासकडील हेन्री सलिव्हन टॉमस ह्या मुलकी अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या छंदावर ग्रंथ लिहिला, आणि बळाच्या बाबतींत विलायतेच्या सामन माशापेक्षांहि महासीर सरस ठरविला. तेव्हांपासून त्याची कीर्ति दूरदूर पसरली. कावेरी व तिच्या उपनद्या ह्यांतील महासीर सर्वांत प्रचंड. १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एका गृहस्थानें त्या भागांत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारें ५४ किलोग्रॅमचा महासीर गळानें धरिला. जुन्या सरकारी मणानें तो जवळजवळ दीड मण भरेल. गळास लागलेल्या महासीराचा तो विक्रम समजला जातो.

धरून सोडून देणें

त्या काळीं असा मासा धरिला म्हणजे त्याचा देह भिंतीवर टांगण्याची रीत होती. पुढें मात्र छांदिष्टांच्याच मनांत पालट झाला. अमेरिकेंत ली वुल्फ नांवाच्या नामांकित गळवाल्यानें १९३९ सालच्या आपल्या पुस्तकांत असा विचार मांडिला कीं, उत्तम झुंजार मासा एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या करमणुकीसाठीं संपवून टाकणें ही शुद्ध उधळपट्टी आहे. तो परत सोडिला तर दुसऱ्यासहि तोच आनंद मिळेल. १९७२ च्या सुमारास तेथील मोठमोठ्या स्पर्धांतूनहि मासे जिवंत ठेवून परत सोडण्याचा प्रघात पडला. आपल्याकडे कावेरीवर ह्याच दशकापासून छांदिष्टांच्या संस्थेनें नदीचा कांहीं भाग राखून तीच पद्धति आचरणांत आणिली.

अर्थात् ‘सोडून दिला’ एवढ्यानें मासा वांचतोच असें नाहीं. प्राणपणानें झुंजतांना त्याच्या स्नायूंत आम्ल सांचतें व तो अगदीं थकून जातो. पाण्याबाहेर काढतांच त्याच्या कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांस चिकटतात व श्वास कोंडतो. कोरड्या हातानें धरिल्यास अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो आणि तेथें रोग शिरतो. म्हणून जाणते लोक गळाच्या टोंकाशीं असलेला उलटा कांटा कानशीनें घासून किंवा चिमट्यानें दाबून टाकतात, म्हणजे गळ अलगद निघतो. ते दोरी जाड वापरतात, म्हणजे झुंज लांबत नाहीं. हात ओले करतात. मासा होतां होईल तों पाण्यांतच ठेवून गळ काढितात. आणि प्रवाहाकडे तोंड करून तो आपल्या बळानें निसटेपर्यंत त्यास आधार देतात. कडक उन्हाळ्यांत, पाणी तापून त्यांतील प्राणवायु कमी झाला असतां, आणि पावसाळ्यांत मासे अंडीं घालण्यास निघाले असतां, गळ घरींच ठेवावा हा नियमहि ते पाळतात.

इतकें करूनहि मुख्य प्रश्न उरतोच. माशास वेदना होत असतील काय? २००३ सालीं ब्रिटनमध्यें लिन स्नेडन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं इजेची जाणीव घेणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें. ‘जाणीव’ म्हणजेच ‘दुःख’ काय, ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु माशास कांहींच कळत नाहीं असें निर्धास्तपणें म्हणण्याचे दिवस गेले. स्वित्झर्लंडमध्यें तर निव्वळ सोडून देण्याच्या हेतूनें गळ टाकण्यास कायद्यानेंच मनाई आहे. खावयाचा असेल तर धरा, खेळासाठीं प्राण्यास छळूं नका, असा तेथला न्याय. उलट आपल्याकडील छांदिष्ट म्हणतो, मी मारीत नाहीं म्हणून मीच दयाळू. दोन्ही बाजूंस सारासार विचार आहे, आणि अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या आपल्या घरांतील मुलांपुढें हा वाद ठेवण्यासारखा आहे. त्याचा निकाल आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनें ज्यानें त्यानें लावावा.

पाण्यांत पाहणारीं यंत्रें

आतां नावेवरील यंत्रांकडे वळूं. पूर्वीं डोहाची खोली काठीनें किंवा दोरीस धोंडा बांधून मोजीत, आणि मासा कोठें आहे हें भोयाच्या अनुभवी नजरेवर अवलंबून असे. आज एखाद्या पुस्तकाएवढ्या पडद्यावर नावेखालचें सारें जग रेखाटलें जातें. ह्या यंत्राचें तत्त्व मात्र घाटांत ‘ओ’ दिली असतां डोंगराकडून ‘ओ’ परत येते, तितकें साधें आहे.

नावेच्या बुडाशीं एक लहानशी चकती बसविलेली असते. विजेचा धक्का मिळतांच ती थरथरते व पाण्यांत नादाचा एक ठोका सोडते. हा नाद इतका तीक्ष्ण असतो कीं आपल्या कानास तो ऐकूं येत नाहीं. मनुष्य सेकंदास फार तर २०,००० कंपनांचा नाद ऐकतो, आणि हें यंत्र बहुधा ५०,००० पासून २,००,००० पर्यंत कंपनांचा नाद काढितें. हवेंत नादाचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर, पण पाण्यांत तो सुमारें १,४८० मीटर असतो. तेव्हां १५ मीटर खोल डोहाच्या तळावर आपटून ठोका परत येण्यास एका सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग लागतो. तो वेळ मोजून यंत्र खोली सांगतें. वाटेंत मासा आडवा आला तर त्याच्याकडूनहि प्रतिध्वनि येतो. गंमत अशी कीं, हा प्रतिध्वनि माशाच्या मांसापेक्षां त्याच्या पोटांतील हवेच्या पिशवीकडून, म्हणजे वाताशयाकडून, अधिक जोरानें येतो. कारण पाणी व हवा ह्यांच्या सीमेवरून नाद फार चांगला परततो. पडद्यावर माशाची आकृति धनुष्यासारखी वांकडी कां दिसते, असें मुलें विचारतील. नादाचा झोत खालीं शंकूप्रमाणें पसरत जातो. मासा त्याच्या कडेस असतां दूर, मधोमध आला असतां जवळ, आणि पलीकडे गेला कीं पुन्हा दूर, म्हणून ही कमान उमटते.

ह्या विद्येचा जन्म युद्धांत झाला. पहिल्या महायुद्धांत पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठीं फ्रान्समध्यें पॉल लांजव्हाँ ह्या शास्त्रज्ञानें स्फटिकाच्या साह्यानें असा नाद काढण्याची युक्ति सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ सालीं, जपानांतील फुरुनो बंधूंनीं कोळ्यांच्या उपयोगी पडेल असें मासे शोधण्याचें यंत्र बाजारांत आणिलें; आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील लॉरन्स कंपनीनें गोड्या पाण्यांतील छांदिष्टांसाठीं लहानसें, सहज वाहून नेण्याजोगें यंत्र केलें. आतां तर २०१८ पासून असें यंत्र मिळतें कीं, समोरच्या पाण्यांतील मासा हलतांना, वळतांना, आमिषाजवळ येऊन परततांना त्याच क्षणीं पडद्यावर दिसतो. जोडीला उपग्रहांवरून ठिकाण सांगणारें साधन असतेंच. एकदां सांपडलेला डोह वर्षानंतरहि चुकत नाहीं.

पण मग हा खेळ खेळ राहिला काय? माशास लपावयास जागाच उरली नाहीं तर कौशल्य कशाचें? हा प्रश्न केवळ आपल्यासारख्या बाहेरच्यांस पडला आहे असें नव्हे; अमेरिकेंतील व्यावसायिक स्पर्धाचालकांनींच २०२५ सालापासून अशा यंत्रांच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. सोडून देणाऱ्याच्या हातीं हें यंत्र असलें तर निदान मासा वांचण्याची आशा असते. परंतु विक्रीसाठीं डोह खरवडून नेणाऱ्याच्या हातीं तें पडलें, म्हणजे उन्हाळ्यांत शेवटच्या खोल डोहांत आश्रयास गेलेले मासेहि सुटत नाहींत.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हेंच यंत्र डोहाचा तळ मोजून कोणता भाग राखावा हें सांगतें, आणि जाळें न टाकतां माशांचा अंदाज देतें. भूतानांतील नद्यांत सोनेरी महासीरास बारीक रेडिओ-यंत्रें बसवून त्याच्या ऋतुमानाप्रमाणें होणाऱ्या येरझारा पाहण्यांत आल्या आहेत. बांध कोठें घालूं नये हें ठरवावयाचें असेल तर मासा कोठून कोठें जातो हें आधीं कळलें पाहिजे, आणि तें डोळ्यांनीं कळत नाहीं. सारांश, सुरी भाजी चिरते कीं बोट कापते हें सुरीवर अवलंबून नसतें.

लोणावळें आणि कावेरी

आतां ह्या विषयांतील सर्वांत बोधप्रद कथा सांगतों. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीचा जलाशय आहे. १९७० च्या सुमारास तेथें महासीराची कृत्रिम पैदास करण्याचें केंद्र निघालें. डॉ. चं. वि. कुलकर्णी ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनीं दख्खनी महासीराचीं अंडीं व त्यांची वाढ ह्यांचा केलेला अभ्यास १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. हा मासा बंदिस्त जागीं वाढूं शकतो हें सिद्ध झाल्यावर लक्षावधि पिलें तयार होऊं लागलीं, आणि मत्स्यबीज म्हणून तीं निरनिराळ्या प्रांतांस मोठ्या औदार्यानें वाटण्यांत आलीं. नष्ट होऊं घातलेला मासा पुन्हा नद्यांत नांदूं लागावा, हाच त्यांत शुद्ध हेतु होता. हीं पिलें कावेरींतहि सोडण्यांत आलीं.

परंतु कावेरींतील मूळचा प्रचंड महासीर हा पुण्याचा खुद्री नव्हे. त्याची पाठ उंच, कुबड आल्यासारखी. पर नारिंगी छटेचे. आपल्या दख्खनी महासीराचे पर निळसर. तज्ज्ञांखेरीज इतरांनीं ‘महासीर तो महासीर’ असेंच धरून चालावें, असा तो काळ होता.

कावेरीकांठीं गालिबोरे येथें सरकारी पाहुण्यांचा एक तळ होता. तेथें गळ टाकणारे छांदिष्ट धरलेला प्रत्येक मासा सोडून देत, आणि किती तास गळ टाकिला, मासा केवढा, कोणत्या रंगाचा, हें वहींत लिहीत. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या ह्या वह्यांत सहा हजारांहून अधिक महासीरांची नोंद सांपडली. शास्त्रज्ञांनीं त्या तपासल्या, तेव्हां पहिल्या दृष्टीस मोठी आनंदाची वार्ता दिसली: मासे वर्षानुवर्षें वाढत होते! मग रंगाप्रमाणें वर्गवारी केली, आणि त्या आनंदावर विरजण पडलें. वाढत होते ते बाहेरून आलेले निळ्या परांचे मासे. कुबडाचा मूळ महासीर कमी होत होत जवळजवळ नाहींसा झाला होता, आणि त्याचीं लहान पिलें तर गळास येईनाशींच झालीं होतीं. हें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. धरणें, वाळूचा उपसा, सुरुंगानें केलेली मासेमारी हीं कारणें होतींच. पण त्यांच्या जोडीस परक्या भाऊबंदांची गर्दीहि आली होती.

ह्याहूनहि करुण गोष्ट पुढें आहे. दीडशें वर्षें ज्याच्या कथा सांगितल्या गेल्या, त्या कुबडाच्या महासीरास तोंवर निश्चित शास्त्रीय नांवच नव्हतें. तें २०१८ सालीं ठरलें: ‘टॉर रेमादेवी’. त्याच वर्षीं जागतिक निसर्गरक्षण संघानें आपल्या यादींत त्यास ‘अत्यंत संकटग्रस्त’ ह्या वर्गांत घातलें. बारसें आणि अखेरची घरघर एकाच वर्षीं ऐकूं यावी, असा हा प्रसंग होय.

ह्या कथेंत कोणी दुष्ट नाहीं. लोणावळ्याच्या लोकांनीं जें केलें तें परोपकारबुद्धीनें केलें, आणि त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें तें योग्यच दिसत होतें. म्हणूनच ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. दान देतांना देश, काल आणि पात्र पाहावें असें आपलीं शास्त्रें सांगतात. नदीस मासे दान करतांनाहि हाच नियम लागू पडतो. आणि दुसरें, हा सारा प्रकार उघडकीस आला तो कोणत्याहि मौल्यवान यंत्रामुळें नव्हे. रोजच्या रोज, न कंटाळतां, इमानानें लिहिलेल्या साध्या वहीमुळें.

पुढें अभयारण्यांतील गळाचा छंद वन्यजीव-संरक्षणाच्या कायद्यास धरून नाहीं असें ठरून २०१२ च्या सुमारास हे तळ त्या कामापुरते बंद झाले. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबरच असेल. पण ह्या तळांवर पूर्वीं चोरून मासे मारणाऱ्या कित्येकांस राखणदार म्हणून पगार मिळत असे, आणि त्यांच्या पहाऱ्यामुळें सुरुंग लावणारे त्या भागापासून दूर राहात. तळ उठले आणि तो पहाराहि उठला. गळवाला निर्दोष आहे असें म्हणतां येणार नाहीं, पण त्याचे डोळे नदीवर होते. आपले आहेत काय?

देवाचे डोह

ह्या प्रश्नास आपल्या पूर्वजांनीं दिलेलें एक उत्तर अद्यापि कांहीं ठिकाणीं जिवंत आहे. महाड तालुक्यांत वाळणकोंड येथें काळ नदीच्या डोहांत वरदायिनी देवीचे म्हणून महासीर राखलेले आहेत. त्यांस कोणी हात लावीत नाहीं. वाडें तालुक्यांत तिळसें येथें वैतरणेच्या कांठीं महादेवाच्या देवळापाशीं असाच डोह आहे. तुंगेच्या कांठीं शृंगेरीस शारदेच्या देवळाखालच्या घाटावर मोठमोठे मासे निर्भयपणें माणसांजवळ येतात, हें यात्रेस गेलेल्या वाचकांनीं पाहिलें असेल. ह्या डोहांस ना कुंपण, ना पहारेकरी; राखण आहे ती केवळ श्रद्धेची. आणि शास्त्रज्ञ सांगतात कीं, नदीचा इतर भाग ओसाड झाला तरी असे डोह बीजासारखे उपयोगीं पडतात.

मात्र श्रद्धेची ही राखण माणसाच्या हातापुरतीच पुरते. वरच्या अंगास सोडलेलें विषारी पाणी देवाचा डोह ओळखीत नाहीं. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीच्या पाण्यावर फेंसाचे ढीग तरंगत असल्याचीं चित्रें अलीकडे कित्येक वर्षें आपण वृत्तपत्रांत पाहतों. डोह पूज्य आणि नदी मात्र गटार, हें फार काळ एकत्र टिकणार नाहीं.

घरीं बसून काय करतां येईल?

पुष्कळ करतां येईल, आणि त्यास गळही नको कीं नावहि नको.

पहिली गोष्ट, घरांतील कांचेच्या पेटींतले मासे नदींत, तळ्यांत किंवा देवळाच्या कुंडांत कधींहि सोडूं नयेत. मुलांस कंटाळा आला, मासा मोठा झाला, गांवाला जावयाचें आहे, म्हणून ‘बिचाऱ्यास मोकळें करूं’ अशा दयेनें तो सोडण्यांत येतो. कांच चाटणारा परदेशी सकर मासा अशाच रीतीनें भारतांतील अनेक जलाशयांत पसरला आहे. १९५२ सालीं आणलेली चिलापी आज आपल्या धरणांतून सर्वत्र दिसते. आफ्रिकेंतील मागूर इतका खादाड निघाला कीं, त्याच्या पैदाशीस केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी घातली. पुण्य लागावें म्हणून बाजारांतले मासे विकत घेऊन नदींत सोडणें हेंहि त्याच कारणानें टाळावें. कावेरीची कथा येथें आठवावी.

दुसरी, निर्माल्य, रंगविलेल्या मूर्ति, तेलकट उष्टें ह्यांचा भार नदीवर घालूं नये. देवळाच्या डोहांतील माशांस पोळ्या, लाडू, पाव ह्यांचा मारा करणें ही भूतदया नव्हे. न खाल्लेलें अन्न कुजतें आणि पाण्यांतील प्राणवायु खातें.

तिसरी, सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणें हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सुटींत गांवीं गेलें असतां असा प्रकार दिसला तर ‘आपण कोठें मासे खातों’ म्हणून तोंड फिरवूं नये. अशानें पहिलें नुकसान होतें तें गांवच्या भोयांचें, ज्यांचें पोट त्या डोहावर चालतें. त्यांच्याकडूनच नदीचें ज्ञान मिळवावें. कोणता मासा पूर्वीं होता व आतां नाहीं, हें त्यांच्यांतील म्हाताऱ्यांस जितकें ठाऊक असतें तितकें कोणत्याहि पुस्तकांत नसतें.

चौथी आणि शेवटची, वही. आपल्या घरांतून जमाखर्चाची वही आजोबा लिहितात, लोणच्या-पापडांचें प्रमाण आजीबाई लिहून ठेवतात, मुलें शाळेचा अभ्यास लिहितात. त्यांतच एक वही गांवच्या नदीची असावी. पाणी केव्हां आलें, केव्हां आटलें, कोणत्या महिन्यांत त्यास वास आला, कोणते मासे व पक्षी दिसले, एवढें जरी घरांतील मुलांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं दहा वर्षें लिहिलें, तरी तो दस्तऐवज होईल. कावेरीकांठच्या छांदिष्टांनीं आपल्या मौजेखातर लिहिलेल्या ओळींनीं एका माशाची कैफियत जगापुढें मांडिली. आपणांस तर मौजेपेक्षां मोठें कारण आहे. ज्या नदीचें नांव घेऊन आपण स्नान करतों, तिचा हिशेब तिच्या लेंकरांनीं ठेवूं नये, तर कोणीं ठेवावा?